पहिली ते चौथीच्या मुलांसाठी इंग्रजीचं कुठलं पुस्तक घ्यावं? (बजेट तीन हजार)

गल्लीतली शिकवणी

नमस्कार. मी इचलकरंजीत घरी शिकवणी घेते. पहिली ते चौथीची मुलं संध्याकाळी येतात. आईबाप यंत्रमागावर नाहीतर सायझिंगमध्ये, त्यामुळे पाळी सुटेपर्यंत मुलं माझ्याकडेच. बहुतेक जण महापालिकेच्या मराठी शाळेतले, काही सेमीचे, दोघंतिघं इंग्रजी माध्यमातले. गंमत म्हणजे सगळ्यात घाबरलेलं इंग्रजी या शेवटच्यांचंच आहे. स्पेलिंगं धडाधड म्हणतील, पण वही पुढे धरून 'व्हॉट इज धिस?' विचारलं की तोंडाला कुलूप.

यंदा गल्लीतल्या मंडळानं गणपतीच्या वर्गणीतून उरलेले तीन हजार रुपये 'पोरांच्या इंग्रजीसाठी' म्हणून माझ्या हातात ठेवले. पावत्या मागणार आहेत, तेव्हा खर्च नीट व्हायला हवा. दुकानात गेले तर डोकंच चक्रावलं. कुणी म्हणतं फोनिक्सचं (अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणारं) घ्या, कुणी म्हणतं आधी एबीसीडी पक्की करा. एकानं प्रत्येक शब्दाखाली मराठी उच्चार आणि अर्थ दिलेलं जाडजूड पुस्तक दाखवलं. आयांना ते फार आवडेल हे मला आत्ताच दिसतंय. एक परदेशी संच बघितला, चित्रं देखणी, पण पानापानावर बर्फ आणि घरामागची हिरवळ. प्रत्येकाला एकेक वर्कबुक घ्यावं की एकच चांगलं पुस्तक आणावं?

माझं शिक्षण बारावीपर्यंत, मराठी माध्यमातून. उच्चार काही साहेबी नाहीत. शिक्षक मंडळींनी आणि आईबाबांनी मोकळेपणानं सांगा. ॲप मात्र सुचवू नका. या मुलांच्या हाती मोबाईल येतो तो वडील झोपल्यावर.

चौकातला पुस्तकवाला

ताई, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात उभा असतो मी, जूनमध्ये दिवसभर हाच प्रश्न. विकणाऱ्यानं सांगू नये, पण तुमचे बरेचसे पैसे वाचतील.

बालभारतीची इंग्रजीची पुस्तकं दोन तऱ्हेची असतात हे निम्म्या पालकांना ठाऊक नसतं. मराठी माध्यमाला 'माय इंग्लिश बुक' आणि इंग्रजी माध्यमाला 'इंग्लिश बालभारती'. दुसऱ्यात मजकूर जास्त दिसतो म्हणून मराठी शाळेतल्या पोराची आई हटकून तेच उचलते. ते ज्याच्या वर्गात दिवसभर इंग्रजी चालतं त्याच्यासाठी आहे. दोन्हींच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, आधी घरी बघा, मग छापील घ्या. नवा अभ्यासक्रम इयत्तेइयत्तेनं येतोय, तेव्हा जुना माल गळ्यात पडत नाही ना, हे मुखपृष्ठाआतलं वर्ष बघून ठरवा.

एनसीईआरटीचं इंग्रजीचं जुनं 'मॅरिगोल्ड' गेलं. आता पहिली-दुसरीला 'मृदंग', तिसरीपासून 'संतूर'. 'सारंगी' हातात आलं तर परत करा, ते हिंदीचं आहे. वाद्यांच्या या गोंधळात रोज दोन गिऱ्हाइकं तरी परत येतात.

वर्कबुक एकदा भरलं की रद्दी. आणि चकचकीत खोक्यातल्या संचांत पैसे जातात ते खोक्याला. काहींत अजून सीडी असते. ती लावायची कशावर, हे कुणी विचारत नाही.

अक्कलकोटची बाई

ताई, मी अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडे निम्म्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात. म्हणजे शाळेत आल्यावर मराठी दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आलं, त्याआधी ते पाचवीत यायचं. तेव्हापासून पुस्तकं पुष्कळ बदलली, पण दुकानात उभं राहून पुस्तक पारखायची माझी रीत तीच आहे. ती सांगते.

पहिलं पान बघूच नका, ते सगळ्यांचंच छान असतं. एबीसीडीचं पान उघडा. तिथं लेखकानं मुलाचा विचार केलाय का, ते दोन मिनिटांत कळतं. 'जी फॉर जिराफ' असेल तर पुस्तक खाली ठेवा. जी चा पहिला आवाज मुलाला 'ग' म्हणून कळायला हवा, गोट किंवा गर्ल हवी. 'ओ फॉर आउल', 'आय फॉर आइस्क्रीम', 'सी फॉर चेअर', 'टी फॉर थ्री' हे सगळे त्याच जातीचे. अक्षर एक सांगतंय आणि चित्र दुसरंच. एक्स ला झायलोफोन तर सगळीकडेच असतो. तो शब्द मुलाला पुढची दहा वर्षं लागणार नाही आणि त्यात एक्स चा नेहमीचा आवाजही नाही. बॉक्स किंवा फॉक्स दिलेलं असेल तर समजा, कुणीतरी डोकं चालवलंय.

आणि इग्लू. आमच्या शाळेत एका तक्त्यावर इग्लूचं चित्र होतं. पहिलीतल्या एका पोरानं ते नीट निरखलं आणि ठासून सांगितलं, "आय फॉर गोबरगॅस." त्याच्या घरामागे तसाच घुमट आहे, त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी इग्लूवर कागद चिकटवून इंक आणि इन्सेक्ट काढले. मुंगळा काढल्यावर वर्गात बोलायला विषय मिळाला. म्हणून चित्रांची माझी कसोटी साधी आहे. या चित्रावर मूल त्याच्या भाषेत चार वाक्यं बोलू शकतं का? बोलत असेल तर त्यातलं एक वाक्य इंग्रजीत आणता येतं. तिथं मराठीतच बोलणं खुंटलं, तर इंग्रजी कुठून येणार?

आता फोनिक्स. यावरून माणसं भांडतात, पण दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे. जॉली फोनिक्ससारख्या पद्धतीत इंग्रजीचे ४२ आवाज सात गटांत शिकवतात. पहिल्या गटात स, ॲ, ट, इ, प, न एवढेच. या सहांतून सॅट, पिन, टॅप, टिन, नॅप असे बरेच शब्द बनतात. आपली मुलं हे भराभर उचलतात, कारण अक्षर म्हणजे आवाज ही गोष्ट बाराखडीनं त्यांच्या अंगात मुरवलेली असते. इथपर्यंत फोनिक्सवाले बरोबर.

पण ही पद्धत ज्यांच्यासाठी बेतली ती मुलं इंग्रजी बोलतच शाळेत येतात. ट-इ-न जोडलं की त्यांच्या डोळ्यांपुढे डबा येतो, कारण तो शब्द कानावरून आधीच गेलेला असतो. माझ्या वर्गातल्या मुलीनं 'नॅप' खणखणीत वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिली. आता पुढे काय, असा चेहरा. वाचता आलं, पण हाती काही लागलं नाही. फोनिक्सचं पुस्तक घेऊन पहिल्या दिवसापासून पानं उलटत गेलात तर हेच होईल. मुलं न समजता छान वाचतील, आया खूश होतील, आणि चौथीत सगळं उघडं पडेल.

तेव्हा पहिला महिना-दीड महिना पुस्तक मुलांच्या हातात देऊ नका, तुमच्या हातात ठेवा. स्टँड अप, सिट डाउन, टच युवर नोज, ओपन द डोअर, गिव्ह द बॉल टू आरती. तुम्ही बोला, त्यांनी करायचं, त्यांनी बोलायचं बंधन नाही. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात ही रीत मांडली. मुलांना तो खेळच वाटतो. मग टॅप हा शब्द मोरीतल्या नळाला हात लावून आला, पिन केसांतली काढून दाखवली, की फोनिक्सचं पान उघडा. आता तेच पान वेगळं चालतं.

शब्दाखाली मराठी उच्चार छापलेल्या पुस्तकाबद्दल. मूल हुशार असतं, त्याला दोन ओळींतली सोपी कुठली ते लगेच कळतं. ते देवनागरी वाचतं आणि इंग्रजी ओळीकडे ढुंकून बघत नाही. वर्षभर इंग्रजीचं पुस्तक वाचून मराठी वाचन सुधारलेली मुलं मी पाहिली आहेत! पण हे पुस्तक आईला द्या. तिला घरी तपासायला उपयोगी पडतं, तिचीही भीती जाते. मुलासमोर वापरायचंच तर खालच्या ओळीवर जाड कागदाची पट्टी ठेवा.

आणखी एक, दुकानात कुणी बघत नाही ते. छापील लहान ए बघा. पुष्कळ पुस्तकांत त्याला वर टोपी असते आणि आपण चार रेघी वहीत शिकवतो तो बिनटोपीचा गोल. जी चंही तसंच, छापील जी ला खाली दोन पोटं. पहिलीतल्या मुलाला ही दोन वेगळी अक्षरं वाटतात. बी आणि डी मध्ये गोंधळणाऱ्या मुलाला तर हा जादा ताप. सुरुवातीच्या पुस्तकात वहीतल्यासारखाच टाइप असलेला बरा.

कणा म्हणून 'माय इंग्लिश बुक' पुरे. गाणी आहेत, सूचना छोट्या आहेत, आणि मुलांच्या शाळेतही तेच चालू असल्यानं दोन ठिकाणी दोन गोष्टी होत नाहीत. पुस्तकात क्यूआर कोड असतात, ते दीक्षा ॲपवर उघडतात. हे ॲप तुमच्या फोनसाठी सांगतेय हं, मुलांच्या नाही. तुमच्या उच्चारांचा प्रश्न तिथं बराचसा सुटेल. तसंही व्हॅन आणि वॉच मधला 'व' एकच झाला म्हणून काही बिघडत नाही. पेन, पॅन, पिन हे तीन वेगळे ऐकू यायला हवेत, तेवढं सांभाळा.

दुसरीचा बाबा

बाईंचा अनुभव मोठा आहे, पण थोडं वेगळं मत. माझा मुलगा दुसरीत, सेमीला. आम्ही 'ऑक्सफर्ड रीडिंग ट्री'ची पुस्तकं वापरली, ती बिफ, चिप आणि किपरवाली. पातळ पुस्तकं, पानाला एखादं वाक्य, तीच पात्रं पुन्हा पुन्हा. मुलगा एका वर्षात आपणहून वाचायला लागला. परदेशी आहे म्हणून आधीच नाक मुरडू नये. मुलांना बर्फ दिसला तर बिघडलं कुठं? आपण लहानपणी रशियन गोष्टी वाचल्याच की, आणि तिथं तर बर्फाशिवाय काही नव्हतंच. सगळं ओळखीचंच द्यायचं म्हटलं तर मुलांचं जग गल्लीपुरतंच राहील. सरकारी पुस्तकात चार कविता आणि बाकी 'लुक अँड से', म्हणजे चित्र बघा आणि शब्द म्हणा. त्यावर मूल वाचायला लागेल असं मला वाटत नाही.

अक्कलकोटची बाई

बाबा, तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे. पाठ्यपुस्तकानं मूल वाचायला लागत नाही, कुणाच्याच. ते गोष्टीच्या पुस्तकांनी लागतं. तुम्ही सांगितलेली पुस्तकं त्यासाठी चांगलीच आहेत. वाक्यं परत परत येतात, पायऱ्या नीट पाडलेल्या आहेत. पण तुमच्या घरी रात्री कुणीतरी शेजारी बसून ती वाचलीत ना? या ताईंकडे मुलं आहेत वर्गभर आणि वाचून दाखवणारी एकटी ताई. शिवाय संच नवा घेतला तर तीन हजारांत काय येईल? एखादी पायरी. जुन्या बाजारात किंवा किलोवर पुस्तकं विकतात त्या प्रदर्शनात सुटी मिळाली तर मीही सोडणार नाही.

रशियन गोष्टींचं म्हणाल तर त्या आपण मराठीत वाचल्या. बर्फ अनोळखी होता, भाषा ओळखीची होती. दोन्ही एकदम अनोळखी असलं की पहिलीतलं मूल पान सोडून देतं. तिसरी-चौथीत खुशाल बर्फ येऊ द्या.

ताई, गोष्टींसाठी प्रथम बुक्स या प्रकाशनाचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ बघा. २०१५ पासून आहे. पुस्तकं खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे उतरवून घेऊन छापायला रीतसर परवानगी. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते असं की तीच गोष्ट, तीच चित्रं, मराठीतही असतात आणि इंग्रजीतही. सोमवारी मराठीत वाचून दाखवायची, पोट धरून हसू द्यायचं, बुधवारी इंग्रजीतली काढायची. अर्थ सांगत बसावं लागत नाही, पुढे काय होणार ते पोरंच ओरडून सांगतात. चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीची पुस्तकं अडीचशे शब्दांच्या आतली असतात, तुमच्या तिसरीपर्यंतच्या मुलांना तीच द्या. पातळी जमतेय का ते बघायचं असेल तर मुलाला एक पान वाचू द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडा. पान संपायच्या आत मूठ मिटली तर पुस्तक अजून जड आहे.

द, सेड, कम, वन असे शब्द फोनिक्सच्या नियमात बसत नाहीत, ते बघून बघूनच ओळखीचे होतात. एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ साली वारंवार येणाऱ्या २२० शब्दांची यादी केली होती, त्यात असे पुष्कळ आहेत, ती आजही वापरतात. ती भिंतीवर लावून घोकून घेऊ नका. रोजच्या गोष्टीत त्यातले किती भेटले ते मुलांनाच शोधू द्या. आमच्या वर्गात 'सेड' दिसला की टाळी वाजवतात, दुसऱ्या कुणाचं लक्ष असो वा नसो.

व्याकरणाचे तक्ते तिसरीच्या आत नकोत. मूल 'आय मँगो ईट' म्हणालं तर तुम्ही फक्त 'ओ, यू ईट अ मँगो? आय ईट मँगोज टू' म्हणा आणि पुढे चला. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी बसतं, मुलानं तीच सवय इकडे आणली आहे. ज्या पुस्तकात 'आय लाइक, आय डोन्ट लाइक' असा एकच साचा पानभर फिरतो तिथं ते आपोआप जागेवर येतं.

रेवाची आई

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात, तिसरीत. शाळेचा पुस्तकांचा गठ्ठा ठरलेल्या दुकानातूनच घ्यावा लागतो. इंग्रजीचीच रीडर, वर्कबुक, ग्रामर, कर्सिव्ह आणि जनरल नॉलेज (हे इंग्रजीत का मोजायचं देव जाणे). धड्याखालची प्रश्नोत्तरं बाई फळ्यावर लिहून देतात, ती पाठ करायची. एकदा मी प्रश्न थोडा फिरवून विचारला तर म्हणाली, "आई, हा आमच्यात नाही." ताई, तुमच्याकडच्या त्या दोघातिघांचं हेच झालेलं असणार. त्यांना नवीन पुस्तक देऊन उपयोग नाही, शाळेचंच पुस्तक घेऊन चित्रावर भलतेसलते प्रश्न विचारा. कुत्र्याचं नाव काय, तो का पळतोय. उत्तर पुस्तकात नसलं की आधी रडवेली होतात, मग हळूहळू बोलायला लागतात.

गल्लीतली शिकवणी

सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळाच्या अध्यक्षांना वाचून दाखवलं, गोबरगॅसवर फारच खूश झाले.

असं ठरवतेय: 'माय इंग्लिश बुक' चारही इयत्तांची एकेक प्रत, माझ्यासाठी. मुलांना शाळेतून मोफत मिळालेली आहेतच. 'मृदंग' पीडीएफवरच बघेन. बाकी सगळे पैसे गोष्टींच्या रंगीत प्रिंटला, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पानाला दहा रुपये म्हणतोय, घासाघीस करेन. मराठी अर्थवालं जाड पुस्तक एकच घेऊन आयांना आळीपाळीनं देईन.

एक अडचण राहिली. चौथीतला एक मुलगा आहे, अंगानं थोराड. गणितात तल्लख, पण इंग्रजी अक्षरंसुद्धा सगळी ओळखत नाही. पहिलीच्या पोरांबरोबर बसवलं की पाय आपटत बाहेर जातो. त्याला कुठलं पुस्तक देऊ?

चौकातला पुस्तकवाला

पानाला दहा जास्त आहेत. पुस्तकं पेन ड्राइव्हवर एकत्र नेलीत आणि पाठपोट छापायला सांगितलं तर कमी करेल. लॅमिनेशन फक्त मुखपृष्ठाला करा, आतल्या पानांना केलं तर पुस्तक मिटत नाही.

अक्कलकोटची बाई

ताई, त्याला पहिलीचंच पुस्तक लागणार आहे, पण तो विद्यार्थी म्हणून नाही. त्याला इतरांपेक्षा दहा मिनिटं आधी बोलवा, एकट्याला. पहिल्या पातळीची एकच गोष्ट त्याच्याकडून बसवून घ्या, बोट फिरवत, ओळन् ओळ. मग संध्याकाळी लहानांना ती वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे द्या. सुरुवातीला तो अर्धी पाठच म्हणेल, म्हणू द्या. लहान पोरं एकच गोष्ट परत परत मागतात, त्या मागण्यापायी त्याचं बोट शब्दांवर नीट बसायला लागतं. आवाजांचे गट त्याला वेगळे घ्या आणि शब्द गणितातले, दुकानातले, क्रिकेटमधले घ्या. बॅट, रन, टेन, सिक्स, हिट, विन. 'नॅप' वगैरे त्याला दाखवूही नका.

या पुस्तकांच्या मागच्या पानावर पातळी छापलेली असते. छापतानाच ते पान वगळा, नाहीतर त्यावर तपकिरी कागद चढवा. चौथीतल्या पोराला ती ओळ बरोबर वाचता येते.